सव्वासहा इंच फुकट

सायकल हे गरिबाचं वाहन आहे असं म्हणणाऱ्यांना अठरा गिअरची सायकल सोसायटीच्या आवारात ठेवायची परवानगी कधी मागावी लागलेली नसते. मला लागली. एकदा सायकल आली तेव्हा, आणि एकदा तिची चाकं मोठी झाली तेव्हा. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात असल्यामुळे कागद टाकून द्यायची मला सवय नाही.

सायकल आली सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात. माझा मेहुणा श्यामसुंदर, म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, सात वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला तो तिथलाच झाला. त्याचा एक मित्र तिथलं बस्तान गुंडाळून कायमचा चेंबूरला परतला, आणि त्याच्या सामानातून श्यामनं आमच्यासाठी एक खोका पाठवला. खोक्यातून दोन वस्तू निघाल्या. एक काळा तवा, ज्याला म्हणे काहीच चिकटत नाही, आणि एक सुटी केलेली सायकल. ही सायकल खास डोंगरावर चालवायची होती. सोबत पत्र होतं. ते मी मोठ्यानं वाचलं. 'दोघांसाठी दोन वस्तू पाठवतो आहे. कोणती कोणासाठी ते सांगायला नकोच. मात्र सायकल डोंगरावर नेऊन तिच्यावर बसलेला फोटो नक्की पाठवा. एक प्रत सांगलीला आईला द्या, ती वाट बघते आहे.'

"परत एकदा वाचा," सुनंदा म्हणाली.

"त्यात परत काय वाचायचं? स्पष्ट आहे," असं म्हणून मी तवा तिच्या हातात दिला.

तिनं तवा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तो ओट्याखाली ठेवून दिला. बायकांना माहेरच्या भेटीचा आनंद चटकन दाखवता येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला.

आता या फोटोचं महत्त्व सांगायला हवं. माझी सासुरवाडी सांगलीची. तिकडचे सगळे लोक नदीत पोहणारे, जोर मारणारे, चार मैल चालून आल्यावर 'पाय मोकळे करून आलो' म्हणणारे. दिवाळसणाला मला ते कृष्णेवर घेऊन गेले होते. मी गुडघाभर पाण्यात जाऊन, तोंडावर पाणी मारून परत आलो.  तेव्हापासून गेली सोळा वर्षं सासूबाईंच्या प्रत्येक पत्राची सुरुवात 'जावईबापूंची प्रकृती आता कशी आहे?' अशीच होते. त्यातला 'आता' मला फार लागतो. म्हणजे माझ्या प्रकृतीला काहीतरी झालेलं होतं, आणि ते सगळे धीरानं वाट पाहताहेत. डोंगर, डोंगरावर सायकल आणि सायकलवर मी, एवढा एक फोटो सांगलीच्या बैठकीत पोचला की ही सोळा वर्षांची नाचक्की धुऊन निघणार होती. डोंगरही लांबचा नको होता. आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. नॅशनल पार्कात शिरून थोडं पुढे गेलं की कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढच चढ.

सायकलची जोडणी धोंडू परबनं केली. धोंडू मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर त्यानं स्टेशनकडच्या रस्त्यावर सायकलींचं दुकान टाकलं होतं. माझं सामान पाहून तो दुकानाबाहेर आला.

"ह्या काय हाडलात ओ सायबानू? सायकल काय रणगाडो?"

त्याचं चुकलं नव्हतं. टायर माझ्या दंडाएवढे जाड होते, आणि त्यांवर खडीसारखे उंचवटे होते. दुपारपर्यंत सायकल उभी राहिली, आणि मी तिच्यावर बसून, हँडल वाजवीपेक्षा घट्ट धरून, सोसायटीच्या फाटकातून आत आलो. फाटकापाशी आमचे सेक्रेटरी शिवदास सामंत त्यांची स्कूटर पुसत होते. ते रविवारी स्कूटर पुसतात आणि इतर दिवशी आमच्यावर लक्ष ठेवतात.

"सबनीस, हिला गिअर किती?"

"अठरा," मी जरा जोरात सांगितलं. तीन मजल्यांपर्यंत ऐकू जावं एवढीच इच्छा होती.

"माझ्या स्कूटरला चार आहेत," सामंत म्हणाले. फडकं खाली ठेवून ते घरात गेले आणि नियमावली घेऊन बाहेर आले. "हे बघा. 'गिअर असलेलं दुचाकी वाहन आवारात ठेवण्यास कमिटीची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक.' पेट्रोलचा उल्लेख कुठेच नाही."

"अहो, ही सायकल आहे."

"तुम्ही म्हणता म्हणून?" ते वाकले आणि चाकाची हवा भरायची नळी चिमटीत धरून त्यांनी मला दाखवली. "हा व्हॉल्व्ह बघा. सायकलचा पंप लागणारच नाही ह्याला. स्कूटरचा व्हॉल्व्ह आहे हा. पेट्रोल पंपावर जाऊन हवा भरावी लागेल. आता बोला."

 खरोखरच हवा पेट्रोल पंपावरच भरावी लागली. दोन ट्रकांच्या मध्ये रांगेत सायकल घेऊन उभं राहणं हा अनुभव मी शत्रूलाही देणार नाही. सामंतांना द्यायला हरकत नाही. मी अर्ज लिहिला. परवानगी मिळाली, पण 'तात्पुरती' असा शेरा मारून.

त्या जाड, बुटक्या चाकांवर मी नऊ दिवस सायकल चालवली. चाल चपळ होती, पण स्वभाव चहाटळ. मी शिंकलो तरी ती वळायची. रस्त्यावर एकही खड्डा तिनं सोडला नाही. प्रत्येकात उतरून, आतली पाहणी करून मगच ती वर यायची, आणि तो अहवाल माझ्या कण्यातून थेट डोक्यापर्यंत पोचायचा. दहाव्या दिवशी पिठाच्या गिरणीसमोर कोणीतरी फोडलेल्या ट्यूबलाइटवरून मी गेलो, आणि मागचा टायर चार बोटं फाटला.

"ह्यो टायर हय गावाचो नाय," असा टायर इथे मिळणारच नाही असा धोंडूनं निकाल दिला.

"अरे, सव्वीस इंची तर आहे! तुझ्याकडे भिंतीवर सव्वीसचे दहा टायर टांगलेत."

धोंडूनं त्यातला एक काढला आणि माझ्या चाकावर चढवला. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तसा तो चाकावर लोंबत राहिला.

"आपलो सव्वीस येगळो, नि तेंचो सव्वीस येगळो," धोंडू म्हणाला.

इंच हे माप तरी जगात सगळीकडे एकच असेल अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. "मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"अठ्ठावीस घालूया. आपलो दूधवाल्याचो साइज. मोठ्या चाकाक खड्डो दिसनाच नाय."

मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि तिथेच चुकलो. कारण आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्यानं विचार करता येत नाही. मी जिना चढून घरी पोचेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचे बाळ गुप्ते पाटी-पेन्सिल घेऊन माझी वाट पाहत होते. गुप्ते निवृत्त गणितशिक्षक. ते स्वतः आयुष्यात कधी सायकलवर बसलेले नाहीत, आणि त्यामुळेच सायकलकडे निःपक्षपातीपणे पाहू शकतो असं ते सांगतात.

"सबनीस, व्यास किती वाढला? दोन इंच. परीघ किती वाढला?"

"दोन?"

"तुम्ही कोणत्या शाळेत होतात? सव्वासहा! म्हणजे चाक एकदा फिरलं की तुम्ही पूर्वीपेक्षा सव्वासहा इंच पुढे. फुकट! पाय तेवढाच मारायचा, आणि सव्वासहा इंच वरकड. इथून कान्हेरीपर्यंत दोनशे सात फेरे वाचतात. अहो, निसर्ग देतोय तर घ्या की!"

मी मध्यमवर्गीय माणूस. फुकट हा शब्द ऐकल्यावर माझी विचारशक्ती चालत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना सांगत होतो की अमेरिकन लोकांना परीघ कळत नाही.

धोंडूला काम सोपवलं. चाकाच्या मधोमधचा, स्पोक अडकतात तो दांडा आणि गिअर अमेरिकेचे, बाहेरचं कडं आणि टायर आपले, असा संकर करायचा होता. अडचण स्पोकची निघाली. त्यांच्याकडे दोन्ही चाकांना छत्तीस-छत्तीस स्पोक. आपल्याकडे पुढे बत्तीस आणि मागे चाळीस. समतेच्या बाबतीत ते लोक आपल्या पुढे आहेत हे मी ऐकून होतो, पण ते चाकापर्यंत गेलं असेल असं वाटलं नव्हतं. धोंडूनं पुढची चार भोकं आतल्या बाजूला आणि मागची चार बाहेरच्या बाजूला रिकामी सोडून ताळमेळ जमवला. त्यामुळे मागचं चाक दर फेऱ्याला एकदा मान लववून नमस्कार करू लागलं. अठरा गिअरांपैकी चार लागत होते, आणि ते चारही जड होते.

"आणि ब्रेक?" मी विचारलं, कारण ब्रेकचे रबर आता कड्याला न लागता स्पोकमधल्या हवेत मिटत होते.

"बिरेकाचा मगे बघूया," धोंडू म्हणाला.

मी हा प्रश्न गुप्त्यांकडे नेला. ते हसले. "चढावर ब्रेक कशाला हवा?"

"आणि उतरताना?"

"उतरताना चालत या. फोटो वरचा हवाय ना तुम्हाला?"

तर्कात कुठेही फट नव्हती.

सायकल घरी आणली तेव्हा सुनंदा खाली आली. पहिल्यांदाच आली. तिनं सीटवर हात ठेवला, मागचं चाक उचलून गरकन फिरवलं, आणि ते नमस्कार करत करत थांबेपर्यंत पाहत राहिली.

"अठ्ठावीस?" तिनं विचारलं.

"अठ्ठावीस."

"मुद्दाम लावलीत?"

"अगदी मुद्दाम. पूर्ण विचार करून."

त्या संध्याकाळी चतुर्थी नाही, वाढदिवस नाही, तरी शिरा झाला. बेदाणे घालून. आणि तो ढवळताना ती गुणगुणत होती. नवऱ्याच्या हिकमतीचं बायकोला कौतुक वाटावं, यापेक्षा संसारात आणखी काय हवं? मी दोनदा शिरा मागून घेतला.

मोठ्या चाकांवर बसल्यावर जे वाटतं ते मात्र मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. पहिलं म्हणजे माणूस उंच होतो. दोन इंच व्यास म्हणजे उंची एकच इंच वाढते असं गुप्ते म्हणतात, पण गुप्ते वर बसलेले नाहीत. वरून सामंतांचं टक्कल दिसतं. दुसरं असं की सायकल लवकर निघत नाही. सरकारी फायलीसारखी आधी ती जागची हलत नाही, दोन-चार जणांनी जोर लावल्यावर हलते, आणि एकदा निघाली की मग थांबवणं कोणाच्याही हातात राहत नाही. पण मधल्या वेळात, खरं सांगतो, फार सुख असतं. ज्या खड्ड्यांनी मला नऊ दिवस छळलं, त्यांच्यावरून मी आता नुसता जात होतो. खाली काहीतरी असेल, असलं तर असो, अशी ती चाल होती. मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच इतक्या रुबाबात कुठेतरी निघालो होतो, फक्त पोचायचं कसं ते ठरलं नव्हतं.

थांबायचं तंत्र मी हळूहळू बसवलं. घरापाशी थांबायचं असेल तर पिठाच्या गिरणीपासून पाय मारणं बंद करायचं, औषधांच्या दुकानाशी घंटी वाजवायला लागायचं, आणि फाटकातून आत आल्यावर वेग उरलाच तर पारिजातकाला मिठी मारायची. चार दिवस हे उत्तम चाललं. पाचव्या दिवशी पारिजातकाच्या आधी सामंतांची स्कूटर उभी होती. मी तिलाच मिठी मारली.

स्कूटरचा आरसा फुटला. सामंतांना माझ्याबद्दल आधीही फारसा जिव्हाळा नव्हता. दुसऱ्या दिवशी नोटीस आली. 'आपल्या वाहनाच्या मूळ मापात कमिटीस न कळवता बदल करण्यात आला असून, दिलेली तात्पुरती परवानगी ही सव्वीस इंची वाहनास होती. सबब, पुढील रविवारनंतर सदर वाहन आवारात आढळल्यास ते उचलण्यात येईल.' मी दुसरा अर्ज केला. तो पुढच्या सभेत घेऊ असं उत्तर मिळालं, आणि पुढची सभा रविवारनंतर होती. सतरा वर्षं मी लोकांच्या अर्जांना हेच उत्तर देत आलो आहे. समोरच्या बाजूनं ते इतकं वाईट दिसतं याची मला कल्पना नव्हती.

थोडक्यात, फोटो निघायचा तर तो त्या रविवारीच. नाहीतर सायकल जाणार, आणि सांगलीकर माझी प्रकृती विचारत राहणार.

वेळ मी विचारपूर्वक निवडली. त्या वर्षी रविवारी सकाळी साडेनऊला अख्खी बोरिवली टीव्हीसमोर हात जोडून बसलेली असायची. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. माझं जे काही होणार ते कमीत कमी लोकांसमोर व्हावं, एवढीच माझी अपेक्षा होती. कॅमेरा गुप्त्यांचा होता. रोलमध्ये तीन फोटो शिल्लक होते, बाकीचे त्यांच्या नातीच्या बारशात गेले होते. गुप्ते आणि सुनंदा रिक्षानं वर जाणार आणि मी सायकलनं, असं ठरलं. सुनंदानं त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात कॅनव्हासचे बूट. लेण्यांत चालायला बरं पडतं म्हणून असेल, असं मला वाटलं. मला त्या काळात बरंच काही वाटत असे.

पार्कातला सपाट रस्ता मी ऐटीत पार केला. मग चढ लागला, आणि गुप्त्यांच्या पाटीवर न मावलेलं गणित माझ्या मांड्यांना समजलं. प्रत्येक फेऱ्याला सव्वासहा इंच जास्त मिळतात हे खरं होतं, पण ते सव्वासहा इंच वर चढवायचे कोणी? मीच! दूधवाले ही चाकं वापरतात ते सपाट रस्त्यावर, आणि अमेरिकन लोकांनी डोंगरासाठी लहान चाकं निवडली ती परीघ कळत नव्हता म्हणून नव्हे. पहिल्या वळणावर मी उभा राहून पाय मारले. दुसऱ्या वळणावर पाय मारूनही सायकल उभी राहिली. तेवढ्यात बाजूनं रिक्षा गेली आणि तिच्यातून गुप्त्यांची मान बाहेर आली.

"सव्वासहा इंच फुकट, सबनीस!"

उरलेला डोंगर मी सायकलला हाताला धरून चढवला. एका वानरानं बराच वेळ माझ्याबरोबर चालून मला सोबत केली.

लेण्यांखालच्या रस्त्यावर सुनंदा आणि गुप्ते उभे होते. मी पाणी प्यायलो, केस सारखे केले, आणि मागे डोंगर यावा म्हणून सायकल उताराच्या दिशेनं तोंड करून उभी केली. वर बसलो. एका पायाचा अंगठा जेमतेम जमिनीला टेकत होता. पहिला फोटो निघाला. तो गुप्त्यांच्या अंगठ्याचा होता हे नंतर कळलं.

"सबनीस, दोन्ही पाय पॅडलवर घ्या की! बसलेले वाटत नाही, टेकलेले वाटताय."

सासूबाईंना टेकलेला जावई नको होता. मी टेकलेला पाय उचलला.

सायकल निघाली. या वेळी तिला कोणी जोर लावावा लागला नाही. "जरा थांबा, फोकस!" असं गुप्ते ओरडलेले मला ऐकू आलं, आणि खटका वाजला. दुसरा फोटो रिकाम्या रस्त्याचा आहे. रस्ता स्वच्छ आलाय.

पहिले काही क्षण, कबूल करतो, मला भीती वाटलीच नाही. वारा लागत होता, मोठी चाकं खडीवरून मऊ मऊ जात होती, मागचं चाक नमस्कार करत होतं. मग समोर वळण आलं. मोठं चाक वळायला तयार नसतं, त्याला आधी पूर्वसूचना द्यावी लागते. ती मी दिलेली नव्हती. रस्त्याच्या कडेला झाडून ठेवलेल्या वाळक्या पानांचा ढीग होता. मी त्यात कमरेपर्यंत गेलो. सायकल माझ्याशेजारी आडवी पडून चाक फिरवत राहिली.

सुनंदा धावत आली. "लागलं का?"

"नाही." पँट गुडघ्यावर फाटली होती, पण दाव्यांच्या खात्यात त्याला इजा म्हणत नाहीत.

"मग उठा. आणा ती इकडे."

"तू काय करणार? तिला ब्रेक नाहीत."

"आप्पांच्या सायकलला तरी कुठे होते?" ती म्हणाली. ओढणी तिनं कमरेला बांधलीसुद्धा होती.

"कोणाच्या?"

"माझ्या वडलांच्या. अठ्ठावीस इंची. दांडीखालून पाय घालून शिकले मी, आठवीत. नंतर कॉलेजला तीच न्यायचे. श्यामला मीच शिकवली, मागे धरून धरून. तुम्हाला सांगितलं होतं की. लग्नानंतर वर्सोव्याला गेलो होतो तेव्हा. होड्यांपाशी बसून तासभर तेच तर सांगत होते."

वर्सोवा मला आठवत होतं. त्या दिवशी तिथून घेतलेले सुके बोंबील आठवत होते. त्यांचा वाससुद्धा आठवत होता.

"म्हणजे... ही सायकल..."

"सायकल मला पाठवली होती त्यानं. तवा तुम्हाला. दर रविवारी धिरडी तुम्ही घालता आणि तवा मी खरवडते, असं मीच लिहिलं होतं त्याला."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं ना, परत एकदा वाचा म्हणून! नाही वाचलंत. मला राग आला, मग मी बोललेच नाही. मग तुम्ही ही मोठी चाकं लावून आणलीत." ती चाकावरची पानं झटकत होती. "मला वाटलं, ह्यांच्या लक्षात आहे. मुद्दाम लावली, म्हणालात. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! शिरा केला."

मला फार वाईट वाटलं. सोळा वर्षं मी एकाच घरात राहत होतो, आणि माहिती माझ्याकडे रीतसर दिलेली होती. तोंडातून 'हो, लक्षात होतं' एवढंच काढलं असतं तर सगळं निभावलं असतं. शब्द जिभेवर आलेसुद्धा.

"नव्हतं लक्षात," मी म्हणालो. "गुप्त्यांनी सव्वासहा इंच फुकट सांगितले, म्हणून लावली."

 गुप्ते कॅमेऱ्याच्या मागे लपायचा प्रयत्न करत होते.

"बरं झालं खरं बोललात," ती म्हणाली. "'हो' म्हणाला असतात ना, तर इथून चालत घरी पाठवलं असतं."

"मग आता कसा जाणार आहे मी?"

"चालतच. पण ही पर्स धरा."

ती बसली. टांग टाकून नव्हे, दोन पावलं पळून एका पायावर चढून, सांगलीला चढत असतील तशी. आधी वरच्या बाजूला गेली. चढावर! उभी राहून, अंगाचा भार एकदा या पॅडलवर, एकदा त्या पॅडलवर टाकत. त्या आडमुठ्या चाकांशी तिची जुनी ओळख होती. ती त्यांना घाई करत नव्हती आणि ती चाकं तिला नाही म्हणत नव्हती. वर जाऊन ती मोठा वळसा घेऊन वळली आणि खाली सुटली. वेणी मागे उडत होती. वळणाच्या अलीकडे तिनं एक पाय उचलून बुटाचा तळ पुढच्या टायरवर हलकेच दाबला. चाक कुरकुरलं आणि शहाण्यासारखं मंद झालं. ती मोठ्यानं हसत होती. अडतीस वर्षांच्या बाईला इतकं हसू येऊ शकतं, आणि ते माझ्या घरात येत नव्हतं, हे मला तिथे कळलं.

"गुप्ते, काढा!" मी ओरडलो. "अहो काढा, काढा! फोकस बिकस राहू द्या!"

शेवटचा फोटो निघाला.

सामंतांनी सायकल उचलली नाही. सुनंदानं सोमवारी सकाळी सायकलवर बसून त्यांच्यासमोरून फाटकातून दोनदा आत-बाहेर केलं आणि "काय म्हणता, भावजी?" असं विचारलं. ते बाजूला झाले. आता ती भाजीला जाते, बँकेत जाते. धिरडी तव्याला चिकटत नाहीत.

फोटोच्या दोन प्रती काढल्या. एक श्यामला पाठवली, एक सांगलीला. झकास आलाय फोटो. मध्यभागी सायकल, सायकलवर सुनंदा, मागे डोंगर, आणि डाव्या कडेला पँटला पानं चिकटलेला मी. आठ दिवसांनी सासूबाईंचं पत्र आलं. फोटो त्यांनी मोठा करून बैठकीत लावलाय. मोठा करताना फोटोवाल्याला डावी कड कापावी लागली, त्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आहे. पर्स तेवढी राहिली आहे, आणि ती धरलेली माझी चार बोटं.